हंगामाचा हिशेब

घरखर्चाच्या बहुतेक वह्या पगारदार माणसाने पगारदार माणसासाठी आखलेल्या असतात. एक तारखेला जमा, त्याखाली किराणा, दूध, वीज, शाळेची फी, कर्जाचा हप्ता आणि शेवटी उरली तर शिल्लक. बारा महिन्यांची बारा पाने, सगळी सारखी. दुर्गापूरच्या वीज केंद्रात, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा वेकोलीच्या कोळसा खाणीत कायम नोकरीला असलेल्या घराला ही आखणी बऱ्यापैकी लागू पडते. पण हीच वही सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात, धानोऱ्याच्या जंगलात किंवा दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या गोंडपिपरीकडच्या घरात दिली, तर दोन महिन्यांत ती खुंटीला अडकते आणि तिथेच राहते. यात लोकांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. त्या वहीतला महिना त्यांच्या घरी येतच नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील घरांसाठी केलेली ही हिशेबवही म्हणूनच वेगळ्या आखणीची आहे. 1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या वर्षीच्या 26 ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला, तरी धान, जंगल आणि मजुरी यांचे वेळापत्रक दोन्हीकडे पुष्कळसे एकच राहिले. या वहीची पाने त्या वेळापत्रकाप्रमाणे लावली आहेत. ती तशी का लावली आणि वापरावी कशी, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

धानपट्ट्यातल्या घराचे पैशाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आणि ते खर्चाने सुरू होते. पऱ्हे टाकायला बियाणे लागते, मग खत, चिखलणीला ट्रॅक्टर आणि जुलैत रोवणीची मजुरी. रोवणी रोजाने करा की गुत्त्याने द्या, पैसा रोख मोजावा लागतो. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते आणि वह्या-पुस्तके, गणवेश, पासचे पैसे दारात उभे राहतात. जुलै ते सप्टेंबर घरात येणारा पैसा सर्वांत कमी असतो. नेमक्या याच दिवसांत ताप येतो, कौलातून पाणी गळते आणि पोळा येतो. किराणा दुकानातली उधारी याच तीन महिन्यांत फुगते. ऑक्टोबरमध्ये हलके धान निघते, नोव्हेंबरात भारी धान. ते आधारभूत केंद्रावर नेले तर चुकारे हाती पडायला कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. ज्याला तेवढा धीर धरवत नाही, तो व्यापाऱ्याला कमी भावात देऊन मोकळा होतो.

चुकारे येतात तेव्हा मंडईचे दिवस असतात. गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर झाडीपट्टीचे, म्हणजे या भागाचे, नाटक चालते, वडशाच्या नाटक मंडळ्या या गावाहून त्या गावाला धावत असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, सोयरिकी जुळतात. जानेवारीत अनेक घरांना कुलूप लागते, कारण माणसे मिरचीला गेलेली असतात. ती होळीच्या सुमारास परततात, कधी त्याहून उशिरा. मार्च-एप्रिल मोहफुलांचा. मे महिन्यात तेंदू: दोन-तीन आठवड्यांत पहाटेपासून पाने तोडायची, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे. तेंदूच्या पैशावर लग्ने होतात, त्यातूनच जूनचे बियाणे येते आणि वर्ष पुन्हा सुरू होते.

थोडक्यात, इथल्या घरात वर्षातून दोनदा पैसा येतो आणि एकदा तो अगदी आटतो. अशा घराला दर महिन्याचे अंदाजपत्रक आखायला सांगणे निरुपयोगी आहे. जानेवारीचे पान बघून माणूस खूश होतो, ऑगस्टचे बघून घाबरतो, आणि दोन्ही पाने त्याला खरे सांगत नाहीत.

एक साधा हिशेब करून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. तीन एकर धान, एकरी 14 क्विंटल, म्हणजे 42 क्विंटल. त्यातले 12 क्विंटल खायला आणि बियाण्याला ठेवले, 30 क्विंटल विकले. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. त्या भावाने 71,070 रुपये झाले. पासबुकात एवढी रक्कम एकदम दिसली की घरातल्या प्रत्येकाला आपापली अडलेली गरज आठवते. आता एकरी 12,000 रुपये खर्च धरून 36,000 वजा करा. उरले 35,070. त्याला बाराने भागा. महिन्याला 2,900 रुपये आणि वर थोडी चिल्लर. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतातील माणशी सरासरी मासिक खर्च 4,122 रुपये निघाला होता, आणि त्यातला 47 टक्के नुसता खाण्यापिण्यावरचा होता. तो माणशी आकडा आहे. इथे 2,900 रुपये अख्ख्या घराचे आहेत. मिरची, तेंदू, रोजगार हमी आणि सरकारी मदत यांवाचून हे घर का चालत नाही, ते या एका भागाकारात दिसते. वहीतला पहिला धडा हाच आहे: जो पैसा एकदम येतो त्याला बाराने भागल्याशिवाय त्यातली एक नोटही मोडू नये.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. या दोन जिल्ह्यांतील लोकांना हिशेब ठेवता येत नाही, असे बाहेरून येणारे प्रशिक्षक सहज बोलून जातात. प्रत्यक्षात इथल्या घराभोवती हिशेबाच्या वह्यांचा गराडा असतो. किराणा दुकानदाराकडे त्या घराचे उधारीचे पान असते. फळीवर मुन्शीकडे पुड्यांची नोंद असते. रोजगार हमीचा हजेरीपट ग्रामपंचायतीत असतो. धान खरेदी केंद्राकडे पावती असते, बँकेकडे खाते, खासगी कर्ज कंपनीच्या वसुलीवाल्याकडे आठवड्याच्या हप्त्याचे कार्ड. लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक जण वही घेऊन बसतो आणि कोणाचा किती आहेर आला ते पै-पैशाने लिहितो. ती वही पुढे वीस वर्षे पेटीत जपली जाते, कारण तेवढाच आहेर त्यांच्या घरी परत करायचा असतो. म्हणजे या घराचा हिशेब सगळ्यांनी ठेवला आहे, आणि तो सगळा कुठे एकत्र येतो असे विचाराल तर कुठेच नाही. दुकानदार म्हणतो तेवढी उधारी, मुन्शी म्हणतो तेवढे पुडे, वसुलीवाला म्हणतो तेवढे बाकी हप्ते. स्वतःची वही नसली की दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो.

घरच्या हिशेबाला पुस्तकी प्रतिष्ठा मिळाल्याची उदाहरणे जगात आहेत. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने 1904 मध्ये घरखर्चाची छापील वही काढली, आणि तिथल्या मध्यमवर्गीय गृहिणींच्या पिढ्या ती भरत आल्या. आपल्यासारख्या घरांच्या अधिक जवळचा अभ्यास म्हणजे 2009 मध्ये आलेले ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका इथल्या गरीब घरांकडे संशोधक वर्षभर, साधारण दर पंधरवड्याला जात राहिले आणि पैशाची प्रत्येक हालचाल त्यांनी टिपली. निष्कर्ष असा की गरिबाची अडचण केवळ कमी मिळकतीची नसते. ती मिळकत कधी आणि किती येईल याचा भरवसा नसतो, आणि म्हणून ही घरे उसनवारी, भिशी, उधारी, बचत अशा कितीतरी गोष्टी एकाच वेळी हाताळत असतात. झाडीपट्टीतल्या कोणत्याही बाईला हे वाचून दाखवा. यात नवीन काय, असे ती विचारील.

त्या बाईने बचत गटात हिशेबाचे धडे आधीच गिरवलेले आहेत. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्यामार्फत या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव गट उभे राहिले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे अद्ययावत ठेवणे ही पंचसूत्री गटातल्या बायकांना तोंडपाठ असते. गटाची वही चोख ठेवणारी बाई घरची वही मात्र ठेवत नाही, कारण गटात तिच्या शब्दाला वजन असते आणि घरात पैशाचा विषय काढणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. ही वही त्या भांडणाला पर्याय म्हणून वापरता आली तर तिचे निम्मे काम झाले.

भांडणाचा विषय निघाला की दारू आणि खर्रा टाळता येत नाही. गडचिरोलीत दारूबंदीची चळवळ उभी राहिली त्यामागे एक हिशेबच होता. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांपुढे मांडले की जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेहून अधिक रक्कम लोक दारूवर घालवतात. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायकांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 पासून तिथेही बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठली. बंदी असावी की नसावी हा वाद इथे नको. घरातला आकडा मात्र घरच्यांना माहीत असावा.

खर्ऱ्याचा आकडा तर कोणी मोजतच नाही, कारण तो सुट्या पैशांत जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा हा पदार्थ इथल्या पुरुषांच्या खिशात असतो आणि बायकांच्या कमरेलाही. समजा, एक खर्रा 20 रुपयांचा आणि दिवसाला दोन. दिवसाचे 40, वर्षाचे 14,600 रुपये. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 मिळून होतात 12,000. दोन्ही सरकारांनी दिलेला सन्मान निधी एका माणसाच्या खर्ऱ्याला पुरत नाही, वरून 2,600 रुपये घरचे घालावे लागतात. वहीत खर्ऱ्याला वेगळा रकाना आहे. त्याच्यापुढे उपदेश छापलेला नाही. रकाना भरा आणि हंगामाच्या शेवटी बेरीज मोठ्याने वाचा.

आता वहीच्या आखणीविषयी. पाने चार हंगामांची आहेत: जून ते सप्टेंबर रोवणीचा, ऑक्टोबर ते डिसेंबर धानाचा, जानेवारी ते मार्च मिरचीचा आणि मजुरीचा, एप्रिल-मे मोहाचा आणि तेंदूचा. खर्ऱ्याच्या रकान्याशिवाय प्रत्येक पानावर चार रकाने आहेत. पहिला रोख पैशाचा. दुसरा उधारीचा, त्यात दुकानदाराने लिहिले त्याच दिवशी आपणही लिहायचे. तिसरा बिनपैशाच्या मालाचा: ढोलीतले धान, रेशनचा तांदूळ, पावसाळ्यातल्या सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब), तलावातली मासळी, जंगलातले सरपण. हा रकाना लोकांना नवा वाटेल, पण त्यावाचून या भागातला घरखर्च कळूच शकत नाही. 2023 पासून रेशनचे धान्य मोफत आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदयाला घरटी 35 किलो. ते विकत घ्यावे लागले असते तर किती लागले असते, हे एकदा लिहून बघावे. सरपणाचेही तसेच. पैसे पडत नाहीत, पण अर्धा दिवस जातो, आणि ब्रह्मपुरीकडच्या जंगलात आता वाघाची धास्तीही मोजावी लागते. चौथा रकाना आहेराचा आणि देण्याघेण्याचा.

तेंदूच्या पानावर दोन जागा सोडल्या आहेत. पानतोडीची मजुरी हंगामात मिळते, तर रॉयल्टी किंवा बोनसची रक्कम नंतर, कधी कित्येक महिन्यांनी येते. पेसा कायद्याखालच्या गावांत ग्रामसभा स्वतः लिलाव करते तेव्हा ही दुसरी रक्कम चांगली मोठी असू शकते. किती पुडे दिले ते पहिल्या जागेत लिहून ठेवले, तरच दुसऱ्या जागेतला आकडा बरोबर आला की नाही ते विचारता येते.

लहान वाटणारे काही खर्च वर्षाच्या मापाने मोजावे म्हणून वेगळे काढले आहेत. मोबाइलचा रिचार्ज 28 दिवसांचा असतो, त्यामुळे तो वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून बँकेत जायचे तर बसभाडे आणि बुडालेला रोज दोन्ही लागतात. हजार रुपये काढायला दोनशेचा खर्च झाला तर तोही खर्चच. चंद्रपूरच्या पगारदार घरालाही उन्हाळा चुकत नाही. पारा 46-47 वर जातो, कूलर दिवसरात्र चालतो आणि मे-जूनचे वीज बिल थंडीतल्या बिलाच्या कितीतरी पुढे जाते. पगार दरमहा येत असला तरी खर्चाला तिथेही हंगाम आहे. मोबाइलमधली हिशेबाची ॲप बँकेच्या संदेशावरून खर्च आपोआप टिपतात, हे शहरात उपयोगी पडेल. पण उधारीवर घेतलेले तेल आणि पायलीने दिलेले धान त्यांना दिसत नाही.

राहिला प्रश्न उद्दिष्टाचा. ‘यंदा बचत करू’ हे उद्दिष्ट होत नाही. त्याला रक्कम हवी, तारीख हवी आणि पैसा कुठल्या हंगामातून येणार ते ठरलेले हवे. ‘पोळ्यापर्यंत किराण्याची उधारी 3,000 च्या वर जाऊ द्यायची नाही, त्यासाठी तेंदूच्या पैशातून दोन महिन्यांचे तेल, डाळ, मीठ, तिखट जूनमध्येच भरून ठेवायचे’ हे उद्दिष्ट झाले. ‘पीककर्ज 31 मार्चच्या आत फेडायचे’ हेही झाले, आणि त्याचा फायदा लगेच दिसतो. मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही. चुकारे आले आणि ते मंडईत व लग्नात गेले, तर मार्च उलटतो आणि सवलतही जाते. मग सावकाराकडे जावे लागले आणि त्याने शेकडा तीन रुपये महिना लावला, तर 10,000 वर वर्षाला 3,600 रुपये नुसते व्याज.

मंडई मात्र बंद करायची नाही. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण काटकसरीची शिकवण देणारे सगळ्यात आधी लोकांच्या सणावर घाव घालतात. पाहुण्यांच्या जेवणातून, नाटकाच्या तिकिटातून आणि लेकीच्या साडीतून जी नाती टिकतात, तीच रोवणीच्या दिवसांत मदतीला येतात आणि दवाखान्याच्या वेळी उसने पैसे देतात. मंडईचा खर्च चुकारे येण्याआधीच लिहून ठरवावा आणि त्याच्या आत मजा करावी.

एखादी मिळकत सोडून देणे हेसुद्धा उद्दिष्ट असू शकते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार हाती घेतला, पण तेंदूपाने तोडायची नाहीत असे ठरवले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात आणि फळे हातची जातात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळवला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातलेच देवाजी तोफा यांच्या सोबतीने अभ्यास गट चालत होता आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने होत होते. जंगलाचा पैसा आला तेव्हा तो सर्वांसमोर मोजायची सवय गावाला होती. गावाने जे गावाच्या पातळीवर केले ते घराच्या पातळीवर करता येईल: हिशेब एकट्याच्या खिशात न ठेवता चुलीपुढे सगळ्यांनी मिळून बघायचा.

वही कोणी लिहावी? घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर तिने किंवा त्याने. आकडे आईने सांगावेत, बापानेही सांगावेत. बाईने अडीअडचणीसाठी तांदळाच्या डब्यात बाजूला ठेवलेले पैसे वहीत यायलाच हवेत असा हट्ट कोणी धरू नये. ते तिचे आहेत, आणि संकटात घराला तेच वाचवतात. मिरचीला जाताना वही सोबत न्यावी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या भागातले कितीतरी मजूर तेलंगणात अडकले आणि पुष्कळ जण चालत घरी आले. किती दिवस काम केले आणि किती मजुरी बाकी आहे, हे ज्याने लिहून ठेवलेले असते, त्याला दूरवरूनही ती मागता येते.

वही पहिल्या वर्षी पूर्ण भरली जाणार नाही. काही आठवडे कोरे राहतील, काही बेरजा चुकतील. तरी उधारीचा रकाना आणि हंगामाच्या शेवटची बेरीज एवढे दोन नेम पाळावेत. पहिले पान मृगाच्या आधी उघडावे, म्हणजे बियाण्याच्या पहिल्या पिशवीपासून नोंद होईल. आणि पुढच्या वेळी दुकानदाराकडे उधारी चुकती करायला जाल, तेव्हा ही वही काखेत घेऊन जा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते तिथेच पाहा.